ठिपक्यांची शेती

प्रारंभीच कबूल केलेले बरे : व्हिडिओ गेम या प्रकाराविषयी आमच्या मनात फारसा आदर नव्हता. चार पुस्तके वाचणाऱ्या माणसाने भर दुपारी पडद्यावरची बाहुली इकडून तिकडे पळवत बसावे, ही कल्पनाच आम्हांला काहीशी लाजिरवाणी वाटे. गेल्या दिवाळीत भाचा सुट्टीला आला, तो लॅपटॉप घेऊनच. 'मामा, हा तुला आवडेल. यात मारामारी नाही, शेती आहे,' असे म्हणून त्याने 'स्टारड्यू व्हॅली' नावाचा खेळ आमच्यापुढे उघडून ठेवला आणि तो मित्रांकडे निघून गेला.

पहिले दर्शन निराशेचे होते. पडद्यावर चौकोनी ठिपक्यांनी जुळवलेले एक घर, ठिपक्यांचीच झाडे आणि ठिपक्यांचाच एक माणूस. आजच्या संगणकावर केसाचा एकेक तंतू वाऱ्याने हलताना दाखवता येतो, हे आम्हांलाही ठाऊक आहे. असे असताना २०१६ साली प्रसिद्ध झालेला खेळ तीस वर्षांपूर्वीचे सोंग घेऊन का उभा राहतो? आम्हांला महामार्गावरची हॉटेले आठवली. दारात पितळी कंदील, भिंतीला टांगलेले सूप आणि वर 'चुलीवरचे जेवण' अशी पाटी. गतकाळाचा हाही एक व्यापारच असणार, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले.

हा निकाल इतक्या लवकर देण्यामागे थोडी अनुभवाची घमेंडही होती. कारण तो गतकाळ आम्ही प्रत्यक्ष पाहिलेला आहे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे टीव्हीला जोडायचा एक स्वस्त गेम होता. जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या 'फॅमिकॉम' यंत्राची ती कुठेतरी बनलेली नक्कल, हे पुष्कळ वर्षांनी कळले. त्यात घालायच्या पिवळ्या कॅसेटवर हजारो खेळ असल्याचे छापलेले असे आणि आत दहाबाराच निघत. कॅसेट चालली नाही की ती काढून तोंडाने फुंकर मारायची, हा विधी आमच्या पिढीतल्या पुष्कळांना आठवेल. तेव्हा 'जुने ते कसे दिसत होते, हे आम्हांला कोणी शिकवू नये' अशा थाटात आम्ही त्या पडद्याकडे पाहत होतो.

आणि नेमके इथेच आमचे चुकले. पाहता पाहता लक्षात आले की, जुने खेळ असे दिसतच नव्हते. घरातल्या त्या फुगीर काचेच्या टीव्हीवर ठिपक्यांच्या कडा एकमेकींत विरघळून जात. चित्रकारही ते गृहीत धरून रंग शेजारीशेजारी ठेवीत. दोन रंगांच्या ठिपक्यांची जाळी केली की काचेवर तिसऱ्याच रंगाचा भास होई. कातरीने कापल्यासारखा धारदार चौकोन आम्ही लहानपणी कधी पाहिलाच नव्हता. त्या वेळी एका ओळीत आठांहून अधिक आकृत्या आल्या की यंत्राला त्या झेपत नसत आणि चित्र लुकलुकू लागे. 'शॉव्हल नाइट' हा २०१४ सालचा खेळ त्या यंत्राचे अनुकरण मोठ्या निष्ठेने करतो; पण ही लुकलुक मात्र त्याच्या कर्त्यांनी जाणून गाळली आहे. म्हणजे ज्याला जुने म्हणून आपल्यापुढे ठेवले जाते, ते आठवणीत धुऊनपुसून घेतलेले जुने असते. हा भूतकाळ नव्हे, भूतकाळाचे स्मरण आहे. आणि स्मरणाला गाळण्याचा अधिकार असतोच.

मग प्रश्न उरला तो बंधनाचा. जुन्या कलावंतांपुढे दुसरा मार्ग नव्हता. त्या यंत्रावर एका लहान आकृतीला पारदर्शक भाग सोडला तर तीनच रंग मिळत. १९८१ सालच्या 'डाँकी काँग'मध्ये जो पुढे मारिओ म्हणून ओळखला गेला, त्याला मिशा आल्या त्या नाकाखाली तोंड काढण्याइतकी जागा नव्हती म्हणून. टोपी आली ती केस काढणे जड जात होते म्हणून. अडचणीतून जन्मलेला हा चेहरा पुढे जगभर ओळखीचा झाला. परंतु अडचण संपल्यावरही तीच वाट धरणाऱ्यांचे काय? दाइसुके अमाया या जपानी माणसाने फावल्या वेळात सुमारे पाच वर्षे एकट्याने खपून 'केव्ह स्टोरी' तयार केला आणि २००४ साली तो फुकट वाटला. 'सेलेस्ट' हा २०१८ सालचा खेळ मुळात २०१५ साली चार दिवसांत रचला गेला, तोही १२८ बाय १२८ ठिपके आणि सोळा रंग एवढीच मुभा देणाऱ्या एका काल्पनिक यंत्रासाठी. त्याची नायिका डोंगर चढते. तिच्या अंगात हवेत झेप घेण्याचे त्राण उरले आहे की नाही, हे सांगायला कोपऱ्यात आकडे नाहीत. केस तांबडे असले तर त्राण आहे, निळे झाले तर संपले. मोजक्या ठिपक्यांतून एवढे सांगता येते.

इथे आम्हांला आमच्या ओळखीच्या प्रांतातले एक उदाहरण आठवले. मर्ढेकरांचे 'काही कविता' १९४७ साली आले. यंत्रयुगातल्या माणसाची तगमग त्यांनी मांडली, ती ओवी-अभंगासारख्या जुन्या घाटांतून. जुना छंद वापरला म्हणून त्यांना कोणी गतकातर म्हणत नाही. छंद कवीला अडवतो आणि अडवता अडवता नेमके काय म्हणायचे ते म्हणायला भाग पाडतो. ठिपका हा या खेळांचा छंद आहे, एवढे समजल्यावर आमचा पूर्वग्रह बराचसा गळून पडला. शिवाय एरिक बॅरोन या एकाच माणसाने चारसाडेचार वर्षे राबून 'स्टारड्यू व्हॅली'ची चित्रे, संगीत, संवाद आणि संगणकाची आज्ञावली हे सगळे स्वतः केले. एका माणसाच्या हाताला पेलेल असे काही निवडणे, हेही त्या ठिपक्यांमागचे एक साधे कारण असावे.

पण हे सारे नंतरचे शहाणपण. पहिल्या संध्याकाळी आम्ही खिळून राहिलो ते वेगळ्याच कारणाने.

खेळाची सुरुवात अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपासून होते. ते नातवाच्या हाती एक बंद पाकीट देतात. पुढे एका कंपनीच्या कचेरीत मान मोडून काम करणारा नातू ते फोडतो, तर त्यात आजोबांनी आपली शेतजमीन त्याच्या नावे केलेली असते. नातू गावी येतो. रान दगडधोंड्यांनी आणि झुडपांनी माजलेले असते. गावचा प्रमुख पार्सनिप नावाच्या मुळ्यासारख्या कंदाचे पंधरा बी देतो. एकेक वाफा १६ बाय १६ ठिपक्यांचा. कुदळीने तो खणायचा, बी टाकायचे, झारीने पाणी घालायचे. पाणी पडले की मातीचा तपकिरी रंग गडद होतो. बस्स, इतकेच. एका तपकिरीच्या जागी दुसरी तपकिरी. परंतु ती दुसरी तपकिरी पाहिली आणि आम्हांला ओल्या ढेकळांचा वास आला. तो वास पडद्यावर नव्हता. तो आमच्याजवळचा होता.

आमच्या आजोबांची, आबांची, माण तालुक्यात साडेतीन एकर जिरायत होती. बाजरी, मटकी, पाऊस झालाच तर ज्वारी. आबा १९९६ साली गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढू लागले, माणसे चुळबुळू लागली. नाना प्रकारे सांगून झाले. शेवटी वडील पुढे होऊन मोठ्याने म्हणाले, 'आबा, रान विकणार नाही.' थोड्या वेळाने कावळा आला. तो त्या शब्दामुळे आला की भुकेमुळे, हे ज्याचे त्याने ठरवावे. सलग काही वर्षे पावसाने ओढ दिल्यावर २००४ साली ती जमीन विकली गेली. त्या पैशांतून आमच्या शहरातल्या घराचा पहिला हप्ता भरला. कागदावर सही करताना वडील काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

म्हणूनच या खेळाविषयीची आमची तक्रारही नोंदवली पाहिजे. त्यातल्या शेतीत तळे कधी आटत नाही. रात्री पेटीत टाकलेल्या मालाचे पैसे सकाळी चोख मिळतात आणि भाव कोसळत नाही. बियाण्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. अठ्ठावीस दिवसांचा एकेक ऋतू ठरल्या दिवशी येतो आणि ठरल्या दिवशी जातो. जमीन विकण्याची तर सोयच नाही. ठिपके कमी आहेत याविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण कोणते ठिपके गाळले, हा प्रश्न विचारावाच लागतो. शेती सोडून आलेल्यांनाच ही शेती इतकी गोड लागत असेल, अशी शंका आम्हांला स्वतःविषयी आली.

आणि तरीही आम्ही खेळत राहिलो. आबांचा चेहरा आठवू गेलो तर पांढरे मुंडासे, उन्हाने काळवंडलेली कातडी आणि मिशांचा एक आडवा पट्टा, एवढेच दिसते. नाकडोळे वेगळे काढून दाखवा म्हटले तर ते आम्हांला जमणार नाही. तीनच रंग आहेत. पण हे आबाच, दुसरे कोणी नव्हे, याविषयी तिळमात्र संशय येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात, वीसएक रोपे झाल्यावर, एके सकाळी एक रोप नाहीसे झालेले दिसले. त्या जागी कावळा होता. आमची बाहुली जवळ जाताच तो उडाला. भाचा हसत म्हणाला, 'मामा, बुजगावणं लाव की, साधं असतं.' त्यानेच पुढचेही सांगितले : दोन वर्षे संपली की तिसऱ्या वसंताच्या पहिल्या दिवशी आजोबांचा आत्मा येतो आणि शेत कसे राखले ते पाहून एक ते चार मेणबत्त्या लावून जातो. कमी लागल्या तर त्या जागी हिरा ठेवून त्यांना पुन्हा बोलावता येते.

आम्ही अजून पहिल्या वर्षाच्या शरदात आहोत. भाचा परत गेला, खेळ आमच्या संगणकावर आहे. रोज रात्री जेवणानंतर दहापंधरा वाफे भिजवतो आणि बंद करतो. बुजगावणे मात्र अद्याप उभे केलेले नाही.