एकटीचा संप

लोणी काळभोरचा माणूस सिनेमाविषयी बोलायला लागला, की पहिली पाच मिनिटं तो राज कपूरविषयी बोलतो. याला इलाज नाही. राज कपूरचा राजबाग आमच्याच शिवारात, मुळा-मुठेच्या काठी. 'सत्यम् शिवम् सुंदरम्' (१९७८) चं चित्रीकरण तिथं झालं, तेव्हापासून गावातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचा त्या चित्रपटात थोडाफार हिस्सा आहे. कुणी स्वतः गर्दीत उभं होतं, कुणाची बैलगाडी उभी होती, आणि ज्यांचं यातलं काहीच उभं नव्हतं त्यांनी निदान बंगल्यावर दूध तरी घातलं होतं. हिशेब केला तर राज कपूर रोज शंभरेक लिटर दूध पीत असला पाहिजे. आता त्या जागेवर विद्यापीठ आहे. पण गावाची त्या सिनेमातली भागीदारी काही विसर्जित झालेली नाही.

राज कपूरविषयी मला आदरच आहे. पण मी पडलो बँकेतला कारकून, त्यात बी. कॉम. कुठली रक्कम कुणाच्या खात्यावर पडली हे बघण्यात माझी हयात चालली आहे. त्यामुळे ओठ राज कपूरचे आणि गळा मुकेशचा, हा व्यवहार मला नेहमी जरा तपासून घ्यावासा वाटतो. मला ओढ आहे ती त्याच्या आधीच्या काळाची. तेव्हा आपलं गाणं आपणच गायचं, तेही कॅमेऱ्यासमोर, चेहरा हसरा ठेवून. मायक्रोफोन चित्रात दिसता कामा नये, तबलजी दिसता कामा नये, आणि सूर मात्र ठिकाणावर पाहिजे. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूपछाँव'मध्ये पार्श्वगायनाची युक्ती काढली आणि हळूहळू दिसणारा एक, गाणारा दुसरा अशी वाटणी झाली. वाटणी होण्याआधीच्या त्या एकत्र कुटुंबातली मराठीची मोठी गायिका-नटी म्हणजे शांता आपटे.

आणि शांताबाईंशी लोणीचं नातं राजबागेपेक्षा जुनं आहे. ते रुळांचं नातं आहे. लोणी स्टेशनात उभं राहून सोलापूरकडे तोंड केलं की तेच रूळ दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर करत पुढे दुधनीला जातात. त्या दुधनीला १९१६ साली शांताबाईंचा जन्म झाला. वडील स्टेशनमास्तर आणि गाण्याचे शौकीन. गाणं शिकल्या त्या पंढरपुरात, म्हणजे कुर्डुवाडीला उतरून बाजूला. सिनेमात आल्या त्या पुण्यात. सगळं आयुष्य जणू एकाच टाइमटेबलात बसवलेलं! स्टेशनमास्तराची मुलगी असल्यामुळे हिरवा कंदील कुठला आणि लाल कुठला हे त्यांना लहानपणापासून कळत असणार. फरक एवढाच, की पुढे लाल कंदील त्यांनी स्वतःच दाखवायला सुरुवात केली.

पहिला चित्रपट भालजी पेंढारकरांचा 'श्यामसुंदर', १९३२ चा. शाहू मोडक कृष्ण आणि शांताबाई राधा. दोघंही पोरसवदा. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून आपला संसार उचलून पुण्याला आली, आणि १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये शांताबाई प्रभातच्या झाल्या. तिथं त्यांना संगीतकार केशवराव भोळे भेटले. त्या काळी पडद्यावर गाणं म्हणायचं म्हणजे फोटो काढायला उभं राहिल्यासारखं ताठ उभं राहून म्हणायचं, अशी रीत होती. नाटकातली सवय. या मुलीने ती मोडली. ती गाताना डोळ्यांनी बोले, मान वेळावे, हात हलवी. गाणं तिला त्या क्षणी सुचलंय असं वाटे. आज हे वाचून कुणी म्हणेल, त्यात काय विशेष? विशेष हेच, की नंतरच्या सगळ्या नट्या तसंच करायला लागल्या म्हणून आता त्यात विशेष वाटत नाही.

मग १९३६ ला 'अमरज्योती', दुर्गा खोट्यांबरोबर. आणि १९३७ ला 'कुंकू'.

'कुंकू'ची गोष्ट ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची, दिग्दर्शन शांतारामबापूंचं. नीरा नावाच्या तरण्या मुलीचं फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावून देतात. हे काकासाहेब झाले होते केशवराव दाते. त्या वेळच्या रीतीप्रमाणे नीरेने रडायला हवं होतं, फार तर विहीर जवळ करायला हवी होती. ती यातलं काही करत नाही. ती म्हणते, हे लग्न मी मानत नाही. आणि त्याच घरात राहून, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून ती शेवटपर्यंत मानत नाही. या चित्रपटाला पार्श्वसंगीत घातलेलं नाही. प्रसंगात जे आवाज असतील तेवढेच. त्या शांततेत नीरेचं "नाही" फार मोठ्याने ऐकू येतं. मधेच ती लाँगफेलोची इंग्रजी कविता चालीवर म्हणते. दुधनीत जन्मलेली, पंढरपुरात गाणं शिकलेली मुलगी १९३७ साली पडद्यावर इंग्रजी गाते आहे, तेही न अडखळता! माझं कॉलेज इंग्रजीतून झालं, पण बँकेत इंग्रजी पत्र लिहायचं म्हटलं की मी अजूनही जुनी फाइल काढून त्यातलं वाक्य शोधतो.

इथपर्यंतची हकीकत सिनेमाच्या पुस्तकात मिळते. माझा खरा अधिकार सुरू होतो तो यापुढे. कारण विषय संपाचा आहे, आणि संप हा बँक कर्मचाऱ्याचा घरचा विषय.

आमच्या संपाचं कसं असतं? आधी परिपत्रक येतं. मग छातीवर बिल्ला लागतो. मग जेवणाच्या सुट्टीत दारात घोषणा. आवाज जाऊ देऊ नका असं सांगणारा एक आणि आवाज गेलेले चाळीस. संपाच्या दिवशी एका दिवसाचा पगार कापला जातो, तेव्हा घरी त्याग केल्याचं समाधान आणि भाजी निवडायचं काम दोन्ही मिळतं. आपल्या मागे लाखो माणसं आहेत हे माहीत असल्यामुळे आपण पुढे असण्याची गरज पडत नाही. उपोषणाच्या वाटेला तर आम्ही जातच नाही. मी एकदा घरी नुसता विषय काढला तर आमची ही म्हणाली, "अहो, एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोनदा घेता तुम्ही. तुमच्या उपोषणाने बँक बुडेल की नाही ठाऊक नाही, डबा मात्र मला दुप्पट भरावा लागेल."

आता हा देखावा बघा. साल १९३९, महिना जुलैचा, म्हणजे पुण्याची पावसाळी हवा. करारावरून प्रभातशी बिनसलेलं. आणि ज्या फाटकातून रोज मोटारीने आत जायचं, त्याच फाटकाशी शांता आपटे उपोषणाला बसलेल्या! परिपत्रक नाही, बिल्ला नाही, अखिल भारतीय काही नाही. त्या वर्षीच्या मार्चमध्ये महात्माजींनी राजकोटला उपोषण केलं होतं. ते देशासाठी होतं, आणि उपोषण म्हणजे देशासाठीच करायचं असतं अशी सर्वांची समजूत. नटीने आपल्या नोकरीच्या कागदावरून अन्न सोडावं ही कल्पनाच लोकांना नवी. वय तेवीसच्या आत-बाहेर. संपात सदस्य एक, अध्यक्ष तीच, घोषणा देणारी तीच. शंभर टक्के यशस्वी संप म्हणतात तो हा. फुटायला दुसरं कुणी नव्हतंच.

त्या काळच्या स्टुडिओत नटनट्या महिना पगारावर असत. करारात कंपनीने काय करायचं ते थोडक्यात आणि नटाने काय करायचं नाही ते सविस्तर. याबाबतीत पुणे आणि हॉलिवूड सारखेच. तिकडे बेटी डेव्हिस १९३६ साली वॉर्नर ब्रदर्सशी भांडून लंडनच्या कोर्टात गेली आणि हरली. ऑलिव्हिया द हॅविलंड १९४३ साली त्याच कंपनीविरुद्ध उभी राहिली आणि १९४४ च्या अखेरीस जिंकली. सात वर्षांचा करार म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं, काम नाकारलेले दिवस पुढे जोडून ती लांबवता येणार नाहीत, असा निकाल झाला. तो कायदा आजही तिच्या नावाने ओळखला जातो. मेक्सिकोत खोर्खे नेग्रेते म्हणून भली मोठी टोपी घालून गाणारा नट होऊन गेला, १९५३ साली वारला. पडद्यावर घोडा आणि प्रेयसी, आणि पडद्याबाहेर नटांच्या संघटनेचं पुढारीपण. तो आणि त्याची संघटना, हे आम्हा बँकवाल्यांना समजण्यासारखं. पण शांताबाईंच्या मागे ना वकिलांची फौज, ना संघटना. होतं ते फाटक.

"बाई हट्टी होती हो," असं आमच्या आळीतले एक आजोबा म्हणतात. मी त्यांना विचारलं, "आणि 'कुंकू'तली नीरा?"

"ती तेजस्वी!" आजोबा म्हणाले. "आम्ही तिघा भावांनी मिळून बघितला 'कुंकू'. डोळ्यांत पाणी आलं."

मला गंमत वाटते ती हीच. चेहरा तोच, आवाज तोच, "मला हे मान्य नाही" हे म्हणणंही तेच. तिकीट काढून ऐकलं की तेजस्वी आणि फुकट ऐकू आलं की हट्टी. नीरेने विवाहाचा करार मानला नाही तर आपण टाळ्या वाजवतो. शांताबाईंनी नोकरीच्या कराराबद्दल प्रश्न विचारला, की आपल्याला कलेचं पावित्र्य आठवतं.

त्यांनी मात्र प्रश्न सोडला नाही. पुढच्याच वर्षी, १९४० साली, त्यांनी पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?'. शीर्षकातल्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवा. सिनेमातली नटी आपल्या धंद्याविषयी प्रश्नचिन्ह टाकून लिहिते आहे. अभिनय म्हणजे देवाने दिलेलं देणं वगैरे सोडून देऊन त्या सांगतात की हे काम आहे. अंगमेहनतीचं, शरीर थकवणारं काम. चारचौघी कामाला जातात तसंच. आम्ही रोकड मोजून उठताना मान मोडून निघते ते ज्याला कळतं, त्याला दिव्यांच्या उकाड्यात तेच कडवं दहाव्यांदा हसत म्हणण्यातला शीण कळायला हरकत नसावी.

प्रभात सुटली तरी शांताबाई थांबल्या नाहीत. १९४१ ला मद्रासकडच्या तमिळ 'सावित्री'त त्या सावित्री झाल्या, तमिळ शिकून. नारदाचं काम एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी केलं होतं, 'कल्की' साप्ताहिकाला भांडवल उभं करण्यासाठी. म्हणजे एका नटीने भाषा शिकून घेतली आणि दुसरीने छापखान्याची सोय केली. बायकांचे हिशेब चोख असतात. १९४२ ला 'जमीनदार' लाहोरला. त्याच साली खुद्द शांतारामबापूंनीही प्रभात सोडली, म्हणजे त्या फाटकाबाहेर पडणाऱ्या शांताबाई एकट्या नव्हत्या. फक्त थोड्या आधी निघाल्या. पार्श्वगायनाचं राज्य आलं, स्वतः गाणाऱ्या नट्यांचे दिवस सरले. १९६४ च्या फेब्रुवारीत शांताबाई मुंबईत वारल्या. पन्नाशीही गाठली नव्हती.

प्रभात १९५३ साली बंद पडली आणि १९६० साली त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. २०१५ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. अध्यक्षाच्या नेमणुकीवरून. वर्तमानपत्रांत मथळे, दिल्लीत बैठका, दूरदर्शनवर चर्चा. तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले, या वास्तूत असं कधी घडलं नव्हतं. घडलं होतं. फक्त तेव्हा संपकऱ्यांची हजेरी घ्यायला बोटंसुद्धा लागत नव्हती.

आम्ही एका दिवसाचा पगार कापला गेला तर चार दिवस हळहळतो. म्हणून म्हणतो, यापुढे संपाच्या दिवशी दारात जमलो, की पहिली घोषणा शांता आपट्यांच्या नावाने द्यावी. सुरात जमणार नाही. पण त्यांच्या संपाला कोरस मिळालाच नव्हता, तेवढा तरी देता येईल.