काळा काढा आणि ती नळी

बिअर बनवायला कुणी वर्ध्याला जातं का? मी गेलो होतो! थांबा, लगेच नाकं मुरडू नका आणि 'पत्ता पाठव' असे एसेमेसही करू नका. आधी पूर्ण ऐका.

लीड्सला दोन वर्षं ऑनसाइट होतो. दुपारी चारला अंधार, वर पाऊस. फ्लॅटमेटला घरी बिअर बनवायचा नाद होता. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर बनवायला लायसन्स लागत नाही, त्यामुळे किचनच्या कोपऱ्यात बादली कायम बुडबुडत असायची. जवळच टॅडकास्टर गाव आहे. तिथल्या सॅम्युएल स्मिथ कंपनीने १९८० मध्ये ओटमील स्टाउट हा विस्मरणात गेलेला प्रकार पुन्हा बाजारात आणला. पहिला घोट घेतला आणि आपण सॉलिड फिदा! रंग डांबरासारखा, चव कॉफीच्या जवळची आणि जिभेवर चक्क साय.

ही साय ओट्सची. वीस लिटरसाठी साधारण चार किलो मॉल्ट, अर्धा किलो ओट्स आणि तीन-चारशे ग्रॅम काळे भाजलेले जव. ६७ डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवलं की दाण्यातल्या स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी गाळायचं, हॉप्स घालून उकळायचं, गार करायचं, यीस्ट टाकायचं आणि दोन-तीन आठवडे विसरून जायचं. विसरणं सगळ्यात कठीण.

परतलो ते थेट महालक्ष्म्यांना, घरी. बॅगेत चॉकलेटं, परफ्यूम आणि तळाशी मॉल्ट, हॉप्स, यीस्टचं पाकीट. शाळेतला मित्र फोनवर महिनाभर मागे लागला होता, "घरीच बनव ना बे, कोणाले कळते?"

कळतं. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ मध्ये आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठलीसुद्धा. वर्ध्याची टिकून आहे, गांधीजींच्या नावाने. दारू मिळत नाही असं मात्र नाही. मोहाचा सडवा पकडल्याची बातमी पेपरात पावसाच्या बातमीइतकी नेहमीची. आणि पुणेकरांनो, हसू नका. १९४९ चा दारूबंदी कायदा अख्ख्या महाराष्ट्राला आहे. लायसन्सशिवाय घरी बिअर बनवली तर तो कोथरूडमध्येही गुन्हाच. हे सगळं मला माहीत होतं. तरी पाकीट बॅगेत होतं.

सकाळी मित्राच्या बाइकवरून सेवाग्रामला गेलो. तुम्ही गेला नसाल तर जाच, एसीवाल्यांनी तर नक्कीच. मातीच्या भिंती, कौलं, आत शिरताच गारवा. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलडाण्याच्या शेगावशी गोंधळ होऊन टपाल भलतीकडे जायचं म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. मला तिथे आठवली नीरा! याच माणसाने 'आरोग्याची चावी'मध्ये ताजी नीरा आवर्जून सुचवली आहे, पण ती लगेच आंबते, म्हणून प्यायली जाणार नसेल तर गूळ करा असंही बजावलंय. पहाटेची नीरा आणि दुपारची ताडी यांच्यात फरक काही तासांचा. बापू कुटीच्या अंगणात उभं राहून मी यीस्टचा हिशेब करत होतो, हे कबूल करतो.

परतीच्या वाटेवर गोरस भांडारातून गाईच्या तुपातला गोरसपाक घेतला. निम्मा बाइकवरच संपला.

संध्याकाळी आई बाजारात गेली आणि मी किचन ताब्यात घेतलं. पाच लिटरचा छोटा प्रयोग. आईच्या मोठ्या गंजात मॉल्ट आणि ओट्स भिजवले, गाळले. घरभर भाजक्या कॉफीचा वास. प्लॅस्टिकच्या कॅनला भोक पाडून नळी बसवली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात. म्हणजे गॅस बाहेर जातो, हवा आत येत नाही. हॉप्स टाकणार एवढ्यात मागच्या दाराने शेजारच्या काकू आल्या. दुसऱ्या दिवशीच्या सोळा भाज्या निवडायला.

काकू गंजाकडे बघून हसल्या. मग त्यांना कॅन दिसला.

"ही नळी कायले लावली रे?"

मी काहीतरी एक्स्पेरिमेंट वगैरे बोललो. काकू काही बोलल्या नाहीत. खाली बसून गवार मोडायला लागल्या. काका गेले तेव्हा मी नववीत होतो. लिव्हर. काकांना सगळे 'आजारी' म्हणायचे आणि काकूंच्या मागच्या खोलीला कायम कुलूप असायचं. ती खोली मी एकदाच उघडी पाहिली होती, पोलिस आले होते तेव्हा.

माझ्याकडे उत्तरं भरपूर होती. ही बिअर आहे, पाच टक्क्यांची, युरोपात आजीबाई पितात... एकही तोंडातून निघालं नाही. काकूंच्या देखत नळी काढली, कॅन उलटा करून ठेवला.

"आता याचं काय करतं?" त्यांनी विचारलं.

"दूध घालतो."

खरंच घातलं. यीस्ट आणि हॉप्सशिवाय ते नुसतं मॉल्टचं गोड पाणी. भाचरांनी बोर्नव्हिटा समजून दोन-दोन ग्लास प्यायले. मित्र मात्र जाम भडकला, दोन दिवस बोलला नाही.

रात्री आईने ज्वारीचं पीठ ताकात भिजवलं. आंबिलीचं. विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ती हवीच. सकाळपर्यंत पीठ फसफसून वर आलं, आंबूस वास सुटला. उकळत्या पाण्यात सोडताना गुठळ्या होतात, म्हणून हाटत राहावं लागतं. आईचे हात भरले होते, तेव्हा काकूंनी चाटू माझ्या हातात दिला.

"हाट. थांबू नको."

खोबऱ्याचे काप, आलं, मीठ पडलं. दाट, आंबट, जिभेवर तीच साय. मी तीन वाट्या प्यायलो. काकूंनी चौथी न विचारता वाढली.