सर्व्हर टिकला म्हणजे न्याय झाला का?

सरकारी पोर्टल कोसळले की आपण सर्व्हरला शिव्या देतो. पण पोर्टल सुरळीत चालले तरी आपल्या माणसांच्या हाती काय लागले, हे कोण विचारणार? कोविन पोर्टलच्या निमित्ताने ते विचारले पाहिजे.

1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटाला लस खुली झाली, पण ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. केंद्रांवरच्या जागा सतत बदलत होत्या आणि देशभरातून लोक त्या एकाच वेळी पाहत होते. प्रत्येकासाठी मूळ डेटाबेस नव्याने चाळायचा तर कोणतीही यंत्रणा दमेल. म्हणून 'कॅशिंग' करतात. एकदा काढलेले उत्तर थोडा वेळ साठवायचे आणि पुढच्या हजारोंना तेच द्यायचे. नियम, केंद्रांचे पत्ते यांना ही साठवण तासन्‌तास चालते. शिल्लक जागांचे उत्तर मात्र लगेच शिळे होते. इतर ॲपना मिळणारी ही माहिती 30 मिनिटांपर्यंत जुनी असू शकते, असे तेव्हा जाहीरच केले होते.

तंत्र म्हणून यात गैर काही नाही. गैर आहे ते अपुऱ्या वस्तूचे वाटप वेगावर सोडणे. ज्याच्याकडे लॅपटॉप, चांगले नेट आणि इंग्रजी, तो दर मिनिटाला पान ताजे करणार. काहींनी तर जागा दिसताच कळवणारे प्रोग्राम लिहिले. मी काम करते त्या वस्तीत अनेक घरांत एकच स्मार्टफोन, तोही दिवसभर कामावर गेलेल्याच्या खिशात.

'सर्वांसाठी खुले' या शब्दांचा आपला अनुभव जुना आहे. बोले ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेने चवदार तळे 1924 मध्ये खुले केले. तरी मार्च 1927 मध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. पोर्टल जात विचारत नाही, हे खरे. पण फोन, भाषा आणि मोकळा वेळ कुणाकडे आहे, हे जातिव्यवस्थेनेच बऱ्याच अंशी ठरवलेले आहे.

शेवटी 24 मे रोजी सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा दिली गेली. 31 मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल दरीवर बोट ठेवले.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. वसतिगृह असो वा योजना, 'आधी येईल त्याला' हा नियम नको. ठरावीक मुदतीत सर्वांचे अर्ज घ्या, मग गरजेनुसार किंवा सोडतीने वाटा. शेजारी मराठी बोलणारी एक खिडकी उघडी ठेवा. धावण्याची गरज संपली की सर्व्हरवरचा ताणही आपोआप उतरेल.

जयभीम!