बेसमेंटची ओल

न्यू जर्सीत घर घेतलं की बहुधा बेसमेंट पदरात पडतं. भारतातून आणलेली पुस्तकं, गणपतीची आरास, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं हळूहळू खाली जातं. मग जुनं कार्पेट काढून इपॉक्सी करावं असं मनात येतं. चकचकीत, बिनसांध्याची, पुसायला सोपी फरशी कोणाला नको असते? पण रंगांची पत्रकं चाळण्याआधी ओल कुठून येते ते शोधलं पाहिजे.

*

जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची दमट हवा थंड फरशीला लागून वरच्या वर पाणी सुटतं. त्याला डिह्युमिडिफायर पुरतो. जमिनीतून वर चढणारी ओल वेगळी. पुष्कळ जुन्या घरांत स्लॅबखाली प्लास्टिकचा थर घातलेलाच नाही. तिथे वाफ काँक्रीटमधून सतत वर येते आणि उडून जाते, म्हणून फरशी कोरडी दिसते. इपॉक्सीने तिची वाट बंद होते, ओल खाली अडकते आणि कोटिंगला फुगे येतात.

*

अशा फरशीवर आलेला फुगा टोचला तर आतलं पाणी कधी कधी जोरात बाहेर उडतं, इतका दाब साठलेला असतो. भिंतीच्या कडेला पांढरा लोणा दिसत असेल, तर पाणी काँक्रीटमधले क्षार घेऊन वर येतं आहे, हे उघड आहे.

*

घरी करता येण्यासारखी चाचणी: 18 इंच चौरस पारदर्शक प्लास्टिक, चारी कडांना टेप, निदान 16 तास. खाली थेंब धरले किंवा काँक्रीट काळवंडलं, तर ओल आहेच. प्लास्टिक कोरडं निघालं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. बर्फ वितळल्यावर किंवा मोठ्या पावसानंतर ही चाचणी पुन्हा करावी.

आकडा हवा असेल तर कॅल्शियम क्लोराइडची चाचणी. 60 ते 72 तासांत त्या क्षाराचं वजन किती वाढलं, त्यावरून 1000 चौरस फुटांतून दिवसाला किती पौंड वाफ निघते ते कळतं. साध्या कोटिंगला बरेचदा 3 पौंडांची मर्यादा असते. मला त्याहून भरवसा वाटतो तो स्लॅबमध्ये भोक पाडून आतली आर्द्रता मोजण्यावर. एकाच बाजूने सुकणाऱ्या 4 इंची स्लॅबला भोक साधारण 1.6 इंच खोल लागतं. वरचा पापुद्रा काय दाखवतो त्यापेक्षा आत काय आहे, ते महत्त्वाचं.

*

ओल मर्यादेबाहेर असेल तर ओलीसाठीच बनवलेला, सॉल्व्हंट नसलेला जाड इपॉक्सी प्रायमर आधी. एकाच डब्यातला ‘इपॉक्सी पेंट’ त्याची जागा घेऊ शकत नाही. खरी इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर मिसळूनच होते. हातमोजे हवेतच; हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते.

*

प्रायमरआधी फरशी खरखरीत करावी लागते. त्यासाठी ॲसिडने धुण्यापेक्षा डायमंड ग्राइंडिंग बरं. ॲसिड धुवायला पाणी लागतं आणि ते त्याच स्लॅबमध्ये मुरतं. घासलेली फरशी बोटांना पॉलिश पेपरसारखी लागायला हवी. ग्राइंडरला व्हॅक्यूम जोडलेला असावा, कारण काँक्रीटची धूळ फुप्फुसांना घातक. कोटिंगच्या वेळी फरशीचं तापमान दवबिंदूच्या निदान 5 अंश फॅरनहाइट वर असावं.

*

वाफ अडवणारा प्रायमर भेगेतून आत शिरणारं पाणी अडवत नाही. 1 सप्टेंबर 2021च्या रात्री आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने इथली किती बेसमेंट्स भरली! आधी गटर, डाउनस्पाउटचं पाणी घरापासून लांब, पायाभोवती पहिल्या 10 फुटांत 6 इंच उतार, सम्प पम्पला बॅटरी. दर वसंतात पाणी येणाऱ्या घरात इपॉक्सी करूच नये. तिथे उघडं काँक्रीट आणि उचलून वाळवता येतील अशा सतरंज्याच बऱ्या.

*

कॉन्ट्रॅक्टरला पहिला प्रश्न: ओलीची कोणती चाचणी करणार, आणि आलेला आकडा लिहून देणार का? दुसरा: खालून येणाऱ्या ओलीने कोटिंग सुटलं, तर वॉरंटी लागू राहते का? या प्रश्नांवर तो रंगाचे नमुने पुढे करू लागला, तर दुसरा कॉन्ट्रॅक्टर बघावा.