गाळलेले प्रकरण

नववीच्या वर्गावर ऑफ तास मिळाला, की मी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचून दाखवीत असे. नागरिकशास्त्रात धर्मस्वातंत्र्याचा धडा होता आणि तो मुलांना घडाघडा पाठ असे. त्यापेक्षा यमूची गोष्ट त्यांना जास्त काही शिकवील, अशी माझी आपली समजूत!

पण एक प्रकरण मी दर वर्षी गाळी. नवरा वारल्यावर शंकरमामंजी यमूचे बळजबरीने केशवपन करवितात, ते. मुले लहान आहेत, असे मी स्वतःला सांगे. खरे कारण निराळे होते. माझी आजी सोवळी होती. तांबड्या अलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढून बसलेली ती मला अंधुक आठवते. घरात त्याविषयी कधी कुणी अवाक्षर काढले नाही.

१९८६ साली एका मुलीने पुस्तक वाचनालयातून नेऊन वाचले आणि भर वर्गात उभी राहिली. “बाई, तुम्ही मधलं गाळलंत!”

चोरी पकडली गेल्यावर दुसरे काय करणार? वाचले.

“पण शास्त्रात असेल तर मामंजींचं काय चुकलं?” एका हुशार मुलाने विचारले.

“यमूला कुणी विचारलं होतं का?” ती मुलगी फणकारली.

मी मध्ये पडले नाही. तेवढ्यात कुणीतरी म्हणाले, “आणि न्हाव्यानं तरी नाही का म्हटलं नाही?”

झाले! सगळ्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या. तिथे बसणाऱ्या मुलाच्या वडिलांचे स्टेशनाजवळ केशकर्तनालय होते. तो खाली मान घालून बसला.

मी घाईघाईने सांगितले, की हरिभाऊंनी ‘करमणूक’ पत्र १८९० साली काढले आणि त्यात ही कादंबरी क्रमशः छापली. त्याच साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून, विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे ठरविले होते. मोठमोठे शास्त्री-पंडित वाद घालीत बसले असताना, वस्तरा ज्यांच्या हाती होता त्यांनीच तो खाली ठेवला.

मुलाने मान वर केली. मला वाटले, खूश झाला. तो म्हणाला, “मग बाई, त्यांचे पैसे बुडाले असतील.”

स्वातंत्र्यावर मी इतकी वर्षे बोलत होते; हा हिशेब माझ्या टिपणात कुठेच नव्हता.

संध्याकाळी घरी वडील झोपाळ्यावर बसले होते. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना विचारले, “आजीचे केस कोण काढायचं हो?”

झोपाळा थांबला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “मागच्या दारानं यायचा. त्याचं नाव काही मला ठाऊक नाही. तो यायच्या दिवशी आई मला शेजारी खेळायला पाठवीत असे.”