सात वाजून पाच मिनिटं

जून 2023 मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायच्या असं ठरलं. ओरड झाली, काही दिवसांत निर्णय मागेही पडला. पण मधल्या त्या दिवसांत काही सुचेना म्हणून मी पिंपरी-चिंचवडमधल्या काळभोरनगरच्या आमच्या जुन्या खोलीवर जाऊन आले. भावानं ती विकायला काढली आहे. रंग लावायचा म्हणून सामान हलवलेलं, आणि भिंतीवर, जमिनीपासून दोन हातांवर, डोकं टेकून टेकून पडलेला तेलकट डाग उघडा पडलेला. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. रंगाऱ्यानं तो घासून पाहिला होता, गेला नव्हता.

आमच्या भागाचा रविवार गुरुवारी यायचा. विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. म्हणजे आमची शाळा रविवारी बंद आणि अप्पा गुरुवारी घरी. आठवड्यातून एकदा तरी अख्खं घर निवांत एकत्र, असं कधी झालंच नाही. जे काही झालं ते थर्ड शिफ्टच्या आठवड्यांत, सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी, दहा मिनिटांपुरतं.

थर्ड साडेसहाला सुटायची. अप्पा टर्नर. सायकल जिन्याखाली लावून सेफ्टी शूज दारात काढतानाच विचारत, "बाई आल्या का?" बाई म्हणजे पुणे केंद्रावरून सात-पाचच्या बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे. रेडिओतून त्यांचं नाव आलं की घरात कुणी बोलायचं नाही. लहानपणी मला वाटे, त्यासुद्धा रात्रपाळी करतात आणि अप्पांबरोबरच सुटतात. कूलंटचा आंबूस वास आंघोळीनंही जात नसे, म्हणून आधी बातम्या, मग आंघोळ. चहाची बशी गुडघ्यावर, डोकं भिंतीला. पहिल्या दोन बातम्या मंत्रिमंडळाच्या, त्या ते ऐकत. चौथ्या-पाचव्या बातमीला डोळे मिटत, आणि हवामानापर्यंत घोरणं सुरू झालेलं असे. आई हलकेच बशी काढून घ्यायची, पण रेडिओ बंद करायची नाही. बंद केला की ते दचकून उठत. आठ तास लेथच्या आवाजात काढलेला माणूस शांततेनं जागा होतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग रेडिओ आपला चालूच. आम्ही डबे भरायचो, वेण्या घालायचो, सगळं कुजबुजत.

त्या बातम्यांत आम्ही फारसे नसायचो, ही माझी जुनी कुरकुर. पावसाळ्यात खडकवासला, पानशेत, वरसगावचे साठे ऐकून पाठ झाले होते. आमच्या नळाला पाणी पवनेचं. चुकून पवना शब्द आला की आई पोळी लाटता लाटता थांबायची. 1982 पासून पिंपरी-चिंचवडला स्वतःची महानगरपालिका होती, तरी बातम्यांत आम्ही बहुधा 'पुणे आणि परिसर'मधला परिसर. आकुर्डीचं नाव हमखास यायचं ते वर्षातून एकदा, तुकोबांची पालखी विठ्ठल मंदिरातला मुक्काम हलवून पुण्याकडे निघाल्याचं सांगायला. तोवर पालखी आमच्या कोपऱ्यावरून कधीच पुढे गेलेली असे आणि आई दर्शन घेऊन, पायांचा चिखल धुऊन पोहे परतत असे. आमच्या दारावरून गेलेलं आम्हाला मागून कळवायचे.

1989 च्या सप्टेंबरअखेर मात्र ओळीतल्या सगळ्या खोल्यांचे रेडिओ एकदम मोठे झाले. टेल्कोचे संपकरी शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले होते आणि पहाटेच्या अंधारात पोलिसांनी त्यांना गाड्यांत भरून नेलं. आमच्या ओळीतले दोघं त्यांत होते. रेडिओवर काय सांगितलं त्यातलं अक्षरही मला आठवत नाही. त्या दोघांच्या बायका आमच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या आणि बातम्या संपल्या तरी हलल्या नाहीत, एवढंच दिसतं. अप्पा त्या दिवशी म्हणाले, "मोठी कंपनी आहे, निदान नाव तरी घेतात."

त्यांची लहान होती. सव्वाशे माणसं, पंधरा-सोळा लेथ. काही वर्षांनी एका सकाळी तिच्या फाटकाला कुलूप आणि कुलपाशेजारी नोटीस. मालकाचा पत्ता नाही. बातमी आली तर कुणीतरी चौकशी करील, चौकशी झाली तर हिशोब मिळेल, असं अप्पांनी मनाशी जुळवलं होतं. रोज कान देऊन बसत. "आज नाही, उद्या घेतील," असं आईला सांगत. बातमी लागली नाही. हिशोबही मिळाला नाही. हातात आलेला कागद वाचणं एवढंच निवेदकाचं काम, हे कळण्याइतकी मी मोठी होते, तरी मला त्या रेडिओचा राग यायचा. एकदा सेल काढून लपवलेही. अप्पांनी न बोलता नवे आणले.

कुलपानंतरची पहिली सकाळ. अप्पा रात्रभर घरी. सात वाजता ते सवयीनं त्याच भिंतीला टेकून बसले. चहा पिऊन बशी त्यांनी स्वतःच खाली ठेवली. मंत्रिमंडळ झालं, धरणं झाली, हवामान झालं. आईनं बशीसाठी हात पुढे केलेला, तो तसाच राहिला. अप्पा टक्क जागे होते.

"याच्यानंतर काय लागतं गं?" त्यांनी विचारलं.

आईला पुढचा सगळा क्रम पाठ होता. तिनं तो एकेक करून सांगितला.