ज्याचं त्याचं फुलपाखरू

साखर संस्कृतातल्या ‘शर्करे’चं बोट धरून इराण-अरबस्तानात पोचली. पुढे ती इटालियनांची ‘झुक्केरो’, स्पॅनिशांची ‘असूकार’ आणि जर्मनांची ‘त्सुकर’ झाली. माल गेला, त्याच्या गोणीतून नावही गेलं. युरोपातले कितीतरी शब्द असे व्यापाऱ्यांच्या वाटेनं हिंडलेले.

फुलपाखराला मात्र कुणी गोणीत भरलं नाही. फ्रान्समध्ये ते ‘पापियों’. पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनात उतरलं की ‘मारिपोसा’. त्याला लागून पोर्तुगालात ‘बोर्बोलेता’, इटलीत ‘फारफाल्ला’, रुमानियात ‘फ्लुतुरे’. या पाचही भाषा लॅटिनच्या लेकी. आईचा ‘पापिलियो’ हा शब्द घरात असताना पाचांपैकी एकट्या फ्रेंचनं तो सांभाळला. बाकीच्यांनी आपापल्या अंगणात जे उडताना दिसलं, त्याचं नव्यानं बारसं केलं.

आणि ही बारशी तरी किती तऱ्हांची! ‘मारिपोसा’त म्हणे पोरांच्या गाण्यातली हाक दडली आहे : मारिये, जरा टेक ना गं! जर्मनांचा ‘श्मेटरलिंग’ तितका भाबडा नाही. पूर्वेकडच्या बोलीत ‘श्मेटन’ म्हणजे साय. तो शब्द चेक शेजाऱ्यांच्या ‘स्मेताना’वरून आलेला. चेटकिणी फुलपाखराचं रूप घेऊन दुधावरची साय पळवतात, अशी तिथली जुनी समजूत. इंग्रजांच्या ‘बटरफ्लाय’मधल्या लोण्यालाही काही जण हाच वास लावतात.

रशियनांनी त्यात आजी पाहिली. ‘बाबा’ म्हणजे बाई, म्हातारी; तिचं लाडकं, छोटं रूप ‘बाबोच्का’. गेलेल्या माणसाचा जीव फुलपाखरू होऊन येतो, अशी श्रद्धा या नावामागे सांगतात. प्राचीन ग्रीकांना तर दोन शब्दही लागले नाहीत. ‘प्सिखे’ म्हणजे जीव आणि ‘प्सिखे’ म्हणजेच फुलपाखरू. त्याच नावाच्या कथानायिकेला शिल्पकारांनी फुलपाखराचे पंख दिले, आणि तोच शब्द पुढे ‘सायकॉलॉजी’त जाऊन बसला.

नॉर्वेकर ‘सोमरफुग्ल’ म्हणतात, म्हणजे उन्हाळपाखरू. जिथे ऊन मोजून मिळतं, तिथे ते ऋतूचं पाखरू होणार. आपल्याकडे ते फुलाचं झालं. दोघांनाही त्यात कीटक दिसला नाही, पाखरूच दिसलं, हे मला फार आवडतं.

इतकी वेगळी नावं, तरी मोठ्यानं म्हणून पाहावीत. ‘पापिलियो’, ‘फारफाल्ला’, ‘बोर्बोलेता’, वेल्समधलं ‘पिली-पाला’, बास्कांचं ‘पिनपिलिनपाउशा’, आपलं ‘फुलपाखरू’. प, फ, ब पुन्हा पुन्हा येतात. ओठ मिटतात, उघडतात. एकमेकांकडून शब्द न घेताही इतक्या लोकांनी त्या पंखांची उघडझाप तोंडात धरली.

उसनवारी होते ती गरजेच्या वस्तूंची. फुलपाखरू ना विकायचं, ना साठवायचं, ना त्यावर जकात घ्यायची. मग परक्याचा शब्द हवा कशाला? याला पुरावाही त्या ‘पापिलियो’चाच. पंख पसरावेत तशा कनाती पसरलेल्या तंबूला रोमन लोक ‘पापिलियो’च म्हणू लागले. शब्द कामाचा झाला आणि लगेच प्रवासाला निघाला : फ्रेंचांत ‘पाव्हियों’, इंग्रजीत ‘पॅव्हेलियन’, तिथून थेट आपल्या क्रिकेटच्या मैदानावर. शून्यावर बाद झालेला फलंदाज मान खाली घालून जिकडे परततो, ते लॅटिनमधलं फुलपाखरूच.